तेरातले तीन

वहिनींनी विचारलं, "भाऊजी, वेटिंग लिस्टवर नाव असलं की आपण त्यांना काही लिहून पाठवायचं असतं का?" आणि मी म्हणालो, "नाही. वाट बघायची." त्या वेळी माझं बिस्किट चहात होतं. ते किती वेळ ठेवायचं याचा माझा अंदाज सहसा चुकत नाही, पण उत्तर द्यायला जो क्षण गेला तेवढ्यात ते तुटलं आणि तळाशी गेलं. रविवार होता, सकाळचे साडेनऊ. बायको खिडकीपाशी उशांचे अभ्रे बदलत होती. आपल्या हातून असं काही घडतं तेव्हा कुठेतरी काहीतरी वाजत असेल, असा माझा समज होता. वाजलं काहीच नाही. वहिनी "बरं" म्हणाल्या आणि त्यांनी माझ्यापुढे चमचा सरकवला. "काढून घ्या ते, नाहीतर खाली गाळ बसतो."

मी खोटं बोललो होतो. वेटिंग लिस्टवर असलेल्या माणसानं दहा दिवसांच्या आत एका पानाचं पत्र पाठवायचं असतं. मला अजूनही यायचं आहे, बोलावलंत तर नक्की येईन, अर्ज केल्यापासून मी अमुक एक नवीन केलं आहे. हे कुठे छापलेलं नसतं, म्हणून तर माझ्यासारख्यांचं पोट चालतं. कॉलेजला रिकामी जागा भरायची असते आणि फोन केल्यावर "अहो, मी दुसरीकडे गेलो" म्हणणारा माणूस नको असतो. म्हणून ज्यांची पत्रं येतात त्यांनाच बोलावतात. बाकीच्यांची नावं यादीत राहतात आणि वर्ष सुरू झालं की यादी फायलीत जाते. आजवर मी साठ-पासष्ट जणांकडून अशी पत्रं लिहून घेतली आहेत. नमुना माझ्या टेबलाच्या दुसऱ्या खणात आहे, कॉलेजचं नाव आणि सही तेवढी भरायची. वहिनींना तो दिला असता तर अर्ध्या तासाचं काम होतं. "नाही" म्हणायला त्याहून कमी वेळ लागला.

मी शक्यता सांगतो. हा माझा धंदा आहे. चष्म्याच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे, तिथे लोक आपापली गुणपत्रकं घेऊन येतात. पदवीचे गुण, प्रवेश परीक्षेचा स्कोअर, नोकरीची वर्षं, शिफारसपत्र कुणाचं आहे, आणि तो एक निबंध, ज्यात प्रत्येकाला लहानपणापासून आकड्यांची ओढ असते. हे सगळं वाचून मी एक आकडा सांगतो. अकाउंटिंगच्या मास्टर्सला तुमची शक्यता इतके टक्के. मॅनेजमेंटवाले पलीकडच्या टेबलाला जातात, तिथे हशा जास्त असतो. माझ्याकडे येणारी माणसं आकडा ऐकून रडत नाहीत, तो कसा काढला ते विचारतात. मला ती आवडतात. ऑफिसात मला 'टक्के' म्हणतात. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले, आता व्हिजिटिंग कार्डावर छापायचंच काय ते राहिलं आहे.

ही विद्या मला उपजत आहे. मी नऊ वर्षांचा असताना शेजारच्यांचं कुत्रं आजारी पडलं. सगळे म्हणत होते, बरं होईल. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, त्याला बशीतून दूध पाजायला जायचा. मी कुंपणावरून दोन दिवस बघितलं आणि म्हणालो, गुरुवारपर्यंत. ते गुरुवारी दुपारी गेलं. दादा रडला. वडिलांनी मात्र माझ्याकडे जरा निरखून बघितलं, घरात एखादी वस्तू निघावी आणि ती चालतेय असं लक्षात यावं, तसं. त्या आधी त्यांनी माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं. पुढे दादा अकाउंटन्सीच्या परीक्षेला तीनदा बसला आणि तिन्ही वेळा मी आधी सांगितलं. तिसऱ्यांदा तो हसून म्हणाला, "तू आधी सांगतोस म्हणून मी नापास होतो की मी नापास होणार म्हणून तू सांगतोस?" मी म्हणालो, "दुसरं." मग तो मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात लागला, आणि त्याच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, त्याची पुस्तकं वाचायला घेतली.

आता माझ्या एका तक्त्याबद्दल सांगायला हवं, कारण माणसं मारतात ती सहसा इतक्याच क्षुल्लक गोष्टीसाठी. शक्यता सांगणारा खरा की खोटा हे एका माणसावरून कळत नाही. ज्याला सत्तर सांगितले तो राहिला, तर मी म्हणणार, तीस उरले होतेच की. आमच्यातले पुष्कळ जण याच फटीत राहून निवृत्त होतात. मी तसं करत नाही. मी रकाने पाडतो. ज्यांना ज्यांना वीस ते तीसच्या मध्ये सांगितलं ते सगळे एका रकान्यात, आणि वर्षअखेरीला त्यातल्या साधारण चौथ्या हिश्श्याला प्रवेश मिळालेला असला पाहिजे. जास्तही नाही, कमीही नाही. जास्त मिळाले तर मी भित्रा, कमी मिळाले तर मी थापाड्या. गेली सात वर्षं माझा एकही रकाना दोन टक्क्यांहून जास्त हललेला नाही. तो तक्ता माझ्या खुर्चीमागे भिंतीवर आहे. डायरेक्टर मॅडमना तो शोभेसाठी आवडतो. त्याचा अर्थ कळणारा माणूस ऑफिसात एकच, आणि त्याची तक्त्याकडे पाठ असते.

या वर्षी त्या रकान्यात तेरा जण होते. पैकी तिघांचं झालं होतं, नऊ जणांना नकार आला होता. तेरातले तीन म्हणजे तेवीस टक्के. तेरा जणांना मी सांगितलेल्या आकड्यांची सरासरी काढली तर ती तेवीस पूर्णांक एक. इतकं नेमकं सात वर्षांत जमलं नव्हतं. तेराव्या वहिनी होत्या. त्या आत गेल्या असत्या तर चार, म्हणजे एकतीस. आम्ही लहानपणी ज्याला कुठेच जागा नाही त्याला ना तीनात ना तेरात म्हणायचो. वहिनींची पंचाईत ही की त्या तेरात होत्याच, फक्त तीनात यायला नको होत्या.

त्यांचा आकडा मी घरीच सांगितला होता, पाच महिन्यांपूर्वी, जेवणाच्या टेबलावर. खरं तर सांगणार नव्हतो. त्यांनीच कागद आणून पुढे ठेवले, कोपरे जुळवून, क्रमानं लावून, आणि आंघोळ करून आलेल्या माणसासारख्या समोर बसल्या. वय त्रेचाळीस. पदवीचे गुण बरे. शीतगृहात सतरा वर्षं मालाचा हिशेब, म्हणजे कुठल्या खोलीत किती पेट्या आल्या, किती गेल्या, किती सडल्या. शिफारसपत्र शीतगृहाच्या मॅनेजरचं, त्यात 'प्रामाणिक' हा शब्द चारदा, इतका की संशय यावा. प्रवेश परीक्षेचा स्कोअर मात्र चांगला. तो पाच वर्षं चालतो. परीक्षा दादा धडधाकट असताना दिलेली, म्हणजे या वर्षीच्या अखेरीला तो स्कोअर बाद. शीतगृह नव्या मालकांनी घेतलं होतं आणि त्यांनी सांगून ठेवलं होतं की पुढच्या वर्षापासून मास्टर्स नसलेल्यांना ऑफिसात टेबल मिळणार नाही, त्यांनी आत मोजणीला जायचं. आत म्हणजे उणे अठरा. वहिनींच्या उजव्या हाताची दोन बोटं आधीच सकाळी मिटत नव्हती. त्या ती कपाला धरून शेकायच्या आणि कुणी बघितलं की कप प्यायच्या.

"बावीस," मी म्हणालो.

"बावीस म्हणजे काय भाऊजी, माझा एक पाय आत आणि बाकीची मी बाहेर?"

"म्हणजे तुमच्यासारखे शंभर जण असते तर बावीस आत जातील."

"तुमच्यासारख्या शंभर," बायको भांडी उचलत म्हणाली, "वहिनी, शंभर जणींना आंघोळीला पाणी पुरायचं नाही आपल्याकडे. आणि यांचं काय ऐकता? आमच्या लग्नाला यांनी चौसष्ट दिले होते. अजून निकाल लागायचाय."

दोघी हसल्या. मीही हसलो असेन. वहिनी एवढंच म्हणाल्या, "बावीस म्हणजे शून्य नव्हे," आणि कागद पुन्हा कोपरे जुळवून उचलले.

निबंध मी तपासून दिला होता. घरचं माणूस म्हणून फुकट, आणि फुकट करतो तितक्याच काळजीनं. त्यात एक परिच्छेद होता. शीतगृहात बारा खोल्या, त्यांचा एक राखणदार, वीस वर्षांचा जुना. दर महिन्याच्या मोजणीला वहिनी त्याला काही विचारायच्या आधी एकट्याच एका खोलीत जाऊन पेट्या मोजून यायच्या. मग बाहेर येऊन त्याला विचारायच्या, काका, चार नंबरमध्ये किती आहेत? 'त्याला पकडण्यासाठी नाही,' असं त्यांनी लिहिलं होतं. 'उरलेल्या अकरा खोल्यांबद्दल तो जे सांगतो त्याचं काय करायचं, ते मला कळावं म्हणून.' मी त्यावर पेन्सिलीनं रेघ मारली होती आणि बाजूला लिहिलं होतं, यात कुणाला रस नाही. वहिनींनी तो परिच्छेद काढला की ठेवला, मी पुढे विचारलं नाही.

त्या रविवारनंतर चार दिवस होते. गुरुवारी मुदत संपणार होती. हे चार दिवस मी काय केलं असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखं काही नाही. सोमवारी मी एका मुलीला एकेचाळीस सांगितले. मंगळवारी दाढीचं ब्लेड बदललं. मी वाईट माणूस आहे असं मला एकदाही वाटलं नाही, आणि नेमकं याचंच मला मधूनमधून आश्चर्य वाटायचं, जिभेनं दाताच्या भोकात चाचपून बघावं आणि दुखू नये, तसं. कारणं शोधायला बसलं की सापडतात. कॉलेज दुसऱ्या शहरात होतं, वहिनी गेल्या असत्या तर मागची खोली रिकामी झाली असती, बायको एकटी पडली असती, माझे शर्ट कुणी इतके सपाट घडी घालून ठेवले नसते. त्रेचाळिसाव्या वर्षी विशीतल्या पोरांच्या बाकावर बसून त्यांची फजितीच झाली असती. ही सगळी कारणं मी एकेक हातात घेऊन बघितली आणि खाली ठेवली. ती नंतर आणलेली होती. चमच्यानं गाळ काढताना माझ्या डोळ्यांपुढे होतं ते फक्त तेवीस पूर्णांक एक. आणि त्याच्याही मागे, बारकाईनं बघितलं तर, कुंपणापलीकडचं ते कुत्रं आणि वडिलांची नजर. एकदा सांगितलं की तसंच झालं पाहिजे. नाहीतर सांगणाऱ्याचं काय उरतं?

बुधवारी मी तो नमुना खणातून काढून बॅगेत टाकला. घरी आणला. वहिनी स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या, डाव्या हातानं. बॅग माझ्या मांडीवर होती आणि चेनवर माझं बोट होतं. त्या म्हणाल्या, "आज लवकर आलात भाऊजी," मी म्हणालो, "हो, काम कमी होतं," आणि बोट चेनवरून काढून चष्मा पुसला. गुरुवारी तो नमुना परत ऑफिसात नेला आणि खणात ठेवला, सरळ, कोपरे जुळवून. मग लक्षात आलं की ही सवय त्यांची. घरात राहून राहून माणसांना एकमेकांचं काय काय लागतं.

त्या दिवसांत मला वारंवार हॉस्पिटलचा कॉरिडॉर आठवत होता. चार वर्षांपूर्वीचा. दादा काचेच्या पलीकडे, नाकात नळी, आणि डॉक्टर माझ्यापुढे उभे राहून म्हणाले, "चाळीस टक्के." मी मनातल्या मनात त्यांना दाद दिली. चाळीस हा कसबी माणसाचा आकडा आहे. माणूस जगला तर डॉक्टर मोठे, गेला तर साठ होतेच. खरा आकडा दहाच्या खाली आहे हे मला नुसतं नर्सच्या चालण्यावरून कळत होतं, ती आता घाई करत नव्हती. तेवढ्यात वहिनी जिन्यावरून आल्या, हातात थर्मास, आणि विचारलं, "भाऊजी, काय म्हणतात डॉक्टर? आशा आहे का?" मी म्हणालो, "चाळीस म्हणतात. चाळीस म्हणजे पुष्कळ असतात." त्या म्हणाल्या, "बरं." अगदी तसंच. मग थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्यांनी मला दिला. दादा दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. मी आठ धरले होते.

तीन आठवड्यांनी, शनिवारी दुपारी, वहिनींनी आपला फोन बायकोच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "वाच गं जरा मोठ्यानं, माझा चष्मा आत आहे." चष्मा त्यांच्या गळ्यात होता. बायकोनं वाचायला घेतलं. कळवण्यास आनंद होतो वगैरे. मग ती थांबली, आधी वहिनींकडे आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, झालं की हो. वहिनींचं झालं." आणि पुढचं भराभरा वाचत गेली. आपण सात तारखेला, शुक्रवारी, पाठवलेल्या पत्राबद्दल समिती आपली आभारी आहे. मूळ निबंधातील शीतगृहाच्या मोजणीचा परिच्छेद आणि आपलं पत्र या दोन्हींमुळे निर्णय घेणं सोपं गेलं.

बायकोला तारखेत काही दिसलं नाही. ती वहिनींचे खांदे धरून त्यांना हलवत होती. मी मात्र मोजलं. मोजणं हाच माझा धंदा. शुक्रवार, सात. शनिवार, आठ. रविवार नऊ, सकाळचे साडेनऊ, चहा, बिस्किट. त्यांनी मला विचारलं तेव्हा पत्र जाऊन दोन दिवस झाले होते.

"पत्र कसलं?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती, पण बायको बघत होती.

"लिहिलं एक आपलं साधंसं," वहिनी म्हणाल्या. "कॉलेजच्या ऑफिसात फोन केला होता, तिथल्या बाई म्हणाल्या, पाठवा, नाहीतर नाव मागे पडतं. भल्या होत्या."

"मग मला का नाही सांगितलंत?" बायको म्हणाली. "यांना तरी विचारायचं."

"विचारलं की. भाऊजींना विचारल्याशिवाय मी काही करते का?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. राग असता तर मला त्याचा काही अंदाज बांधता आला असता. पेट्या मोजून झाल्यावर वहीकडे बघतात तसं त्यांनी बघितलं, आणि नजर काढून घेतली. "सगळं त्यांच्यामुळेच झालं."

"तरी बावीसच दिले होते हो तुम्ही," बायको मला म्हणाली, लाडानं. आठवडाभर ती जो भेटेल त्याला सांगत होती की आमच्या यांनी वहिनींच्या कागदांवर किती मेहनत घेतली. वहिनी बाजूला उभ्या राहून "हो ना" म्हणायच्या. प्रत्येक "हो ना" मी घेतलं, झाकणातल्या चहासारखं.

तक्त्यावर मी एकतीस लिहिले. खोडून काही करता आलं असतं, कुणाला कळलं नसतं, पण माझं अक्षर मलाच ओळखू येतं. डायरेक्टर मॅडमना मात्र घरची अ‍ॅडमिशन म्हटल्यावर आनंद मावेना. त्यांनी वहिनींना बोलावून फोटो काढून घेतला, मोठा करून फ्रेम केला, आणि माझ्या खुर्चीमागे तक्त्याशेजारी लावला. खाली ओळ टाकली, 'बावीस टक्क्यांपासून शिखरापर्यंत'. फोटोत वहिनी हसतायत, उजवा हात डाव्यात झाकलेला. आता समोर बसणारी माणसं आकडा ऐकतात, मग माझ्या डोक्यावरून त्या फोटोकडे बघतात, मग परत माझ्याकडे, आणि तो कसा काढला हे विचारत नाहीत.

वहिनींना जायला अजून दीड महिना आहे. त्या तशाच वागतात. शर्टांच्या घड्या तशाच सपाट. एक गोष्ट तेवढी मला हल्ली पिळते, आणि ती कॉलेजची नाही. त्या दिवशी हॉस्पिटलात वहिनी जिन्यावरून आल्या. डॉक्टरांची केबिन वरच्या मजल्यावर होती. थर्मास भरायचं कँटीन खाली, तळमजल्यावर. कँटीनमधून येणारा माणूस खालून वर येतो. त्या वरून खाली आल्या होत्या की खालून वर, हे मला आठवत नाही. रोज सकाळी मी तो जिना डोळ्यांपुढे आणतो, थर्मास दिसतो, चपला दिसतात, दिशा दिसत नाही. आणि त्या वरून, डॉक्टरांना आधीच विचारून आल्या असतील, तर मग चाळीस हे त्यांनी माझ्या तोंडून ऐकलं तेव्हापासून चार वर्षं त्या मला चहा देतायत.

आज सकाळी टेबलावर त्या उजव्या हातानं कप धरून समोर बसल्या होत्या. बायको आत होती. भिंतीवरचं घड्याळ माझ्या पाठीमागे, म्हणजे बरोबर त्यांच्या समोर.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "किती वाजले?"

मी मागे वळून बघितलं. नीट बघितलं, काटे वेगळे करून. मग पुढे वळून खरं तेच सांगितलं, मिनिटासकट.

"बरं," वहिनी म्हणाल्या.